एक माप, एकाच जागी

फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग तपासत बसले होते. पलीकडून प्रकाश, माझे पती, म्हणाले, "मिल्या गेला गं..." डार्मश्टाटच्या इस्पितळात त्यांच्या मागून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिच्या चाकांचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. शनिवारी येताना पाटवडीरस्सा घेऊन येईन असं मी भाऊजींना कबूल केलं होतं, तिखट जरा सढळ हाताने घाला अशी फर्माईशही झाली होती, आणि हा माणूस शनिवारपर्यंत थांबायला तयार नाही! मग राग ओसरला आणि समोरच्या ड्रॉइंगवरच्या रेघा एकमेकींत मिसळून गेल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काही न विचारता माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि माझा कोट आणून दिला.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटतात, हळहळतात, "हे काय वय होतं का हो जायचं" म्हणतात. वय नव्हतंच, पन्नाशीही गाठली नव्हती. पण मी हळहळायला म्हणून लिहायला बसलेली नाही. माझे धाकटे दीर, मिलिंदभाऊजी, एक भांडण जिंकून गेले. ते भांडण कशाचं होतं हे आमच्या नात्यातल्या कुणालाच धड माहीत नाही, आणि ज्यांना ते माहीत आहे त्यांना भाऊजी पाटवडीरस्सा खाताना कसे घाम पुसत बसायचे ते माहीत नाही. दोन्ही माहीत असलेली बहुधा मी एकटीच, म्हणून हा खटाटोप.

मी लग्न होऊन नागपूरच्या घरात आले तेव्हा भाऊजी कॉलेजात होते. बोलणं हळू, आवाज कधी चढायचा नाही, पण एकदा धरलेली गोष्ट सोडायचे नाहीत. लोक रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालतात. हे त्याने कोणता रस्ता घ्यायला हवा होता यावरून घालत, तेही उतरून भाडं दिल्यावर. आमची दीर-भावजयीची थट्टा पहिल्या दिवसापासून सुरू झाली ती शेवटपर्यंत चालली. पुढे ते जर्मनीत आखनला शिकायला आले, मग डार्मश्टाटला एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले. त्यांच्या मागोमाग आम्हीही स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला येऊन पडलो. लग्न त्यांनी केलं नाही. मी कितीतरी स्थळं सुचवली. प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "गेनाऊ, वहिनी." गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर'. भाऊजींच्या तोंडून गेनाऊ आलं की मी ओळखायची, आता हे माझं म्हणणं मुळापासून खोडून काढणार.

नोकरी एकीकडे आणि जीव दुसरीकडे, असा त्यांचा प्रकार होता. फोन, टॅबलेट, लॅपटॉप, सगळ्यांत चित्र काढणारी एक चिप असते. तिला हुकूम देणारं सॉफ्टवेअर म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. कंपन्या आपापले ड्रायव्हर कुलपात ठेवतात आणि मॉडेल जुनं झालं की त्याच्याकडे पाठ फिरवतात. मग जगभरातले काही लोक तेच ड्रायव्हर खुले लिहितात, कुणीही वाचावेत, कुणीही सुधारावेत असे. त्यांतले काही पगारी, काही हौशी. भाऊजी हौशी. सगळा कारभार ईमेलवर, सगळ्यांदेखत. एकाने बदल सुचवायचा, बाकीच्यांनी त्याच्या चिंध्या करायच्या, आणि त्याने तो पुन्हा शिवून आणायचा. "अख्ख्या जगासमोर तुमच्या चुका काढतात आणि तुम्ही वर त्यांना थँक्यू म्हणता?" मी एकदा विचारलं. "लग्नात तरी दुसरं काय असतं, वहिनी?" ते म्हणाले. प्रकाश तेव्हा जरा जास्तच मोठ्याने हसले, ते मी अजून विसरलेले नाही.

याच कामातून त्यांनी नागपूरला आमच्या विहाराच्या अभ्यासिकेसाठी टॅबलेट पाठवले होते. कंपनीने वाऱ्यावर सोडलेलं मॉडेल, इथल्या एका ऑफिसने मोडीत काढलेलं. भाऊजींनी त्यांत खुली प्रणाली भरली, आणि स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं-मुली त्यांच्यावर पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका वाचू लागली. अभ्यासिका सांभाळणारी उज्ज्वला स्वतःही परीक्षा देत होती. ती अधूनमधून फोटो पाठवायची. आम्ही त्यांत ओळखीची मुलं शोधायचो. भाऊजी फोटो मोठा करून पडद्यावरची अक्षरं नीट उमटली आहेत ना ते बघत बसायचे.

एके दिवशी आम्ही डार्मश्टाटला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, आणि जेवण चालू असतानाच उज्ज्वलाचा व्हिडिओ कॉल आला. तिने टॅबलेट कॅमेऱ्यासमोर धरला. पानाचे चौकोनी तुकडे होऊन इकडेतिकडे विखुरले होते, एका ओळीचं शेपूट वर, दुसरीचं डोकं खाली, वाचायची सोयच नाही. "सर, काल अपडेट घेतलं अन् सगळेच असे झाले जी. मी तर काहीच नाही केलं."

"तू काहीच नाही केलं," भाऊजी म्हणाले. ते ताटावरून उठून आतल्या खोलीत गेले, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले ते स्वतःचे दोन्ही कान धरून. बिघाड त्यांनीच केला होता.

आणि गंमत अशी की त्यांनी केली होती ती दुरुस्ती. मला त्यांनी जसं समजावलं तसं सांगते. चित्र मेमरीत ठेवताना त्याचे लहान लहान चौकोन करून दाबून बसवतात. कुठला चौकोन कुठे ठेवायचा हे काही आकड्यांवर ठरतं आणि ते आकडे प्रत्येक चिपचे वेगळे. एक ड्रायव्हर चित्र काढून ठेवतो, दुसरा तेच उचलून पडद्यावर मांडतो. मसाल्याच्या डब्यात मी वाट्या एका क्रमाने लावाव्यात आणि प्रकाशनी डोळे मिटून भलत्याच क्रमाने हात घालावा, तर हळदीच्या जागी तिखट पडणारच. हे आकडे दोन्ही ड्रायव्हरांत वेगवेगळे लिहून ठेवलेले होते. त्या टॅबलेटच्या चिपचा एक आकडा दोन्हीकडे सारखाच चुकीचा होता, त्यामुळे चित्र ठीक दिसायचं, फक्त जरा संथ. भाऊजींनी तो शोधून बरोबर केला, पण एकाच ड्रायव्हरमध्ये. दोघं मिळून चुकत होते तोवर संसार सुरळीत चालला होता, एक सुधारला आणि बिनसलं. दुसरीकडचाही असाच आकडा आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरीकडचा आकडा बदलून त्यांनी टॅबलेट चालू करून दिले. तेवढं काम एका ओळीचं होतं. उज्ज्वला खूश झाली, आणि फोन ठेवता ठेवता सहज म्हणाली, "सर, पुन्हा असं होणार नाही ना? पोरांचे पेपर तोंडावर आले आहेत." नाही होणार, असं भाऊजी म्हणाले असते तर तिचं समाधान झालं असतं. पण ते त्यांना म्हणवेना. कितीतरी चिपा, प्रत्येकीचे आकडे दोन जागी, काहींचे तर वरच्या थरातल्या चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिसऱ्या जागी. आज ना उद्या कुणीतरी असाच शहाणा एकीकडे दुरुस्ती करणार आणि कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी पुस्तकाच्या चिंध्या होणार. "बघतो," एवढंच ते म्हणाले. ते "बघतो" त्यांना किती लागलं ते मी समोर बसून पाहिलं.

भांडी घासता घासता मी म्हटलं, "हे कसलं हो तुमचं काम? आमच्याकडे असं केलं तर ड्रॉइंग तोंडावर परत येतं."

"काहून?" भाऊजी लाडात आले की नागपूरचं बोलायचे.

"अहो, एक माप ड्रॉइंगवर एकदाच द्यायचं असतं. भोकाचा व्यास समोरच्या चित्रात दिला की बाजूच्या चित्रात पुन्हा लिहायचा नाही. उद्या एक बदलला आणि दुसरा तसाच राहिला, तर मशीनवरच्या माणसाने खरा कुठला मानायचा? पहिल्या वर्षाला शिकवतात हे आम्हाला."

भाऊजी भांडी पुसायचा कपडा हातात घेऊन उभेच राहिले. "गेनाऊ," म्हणाले. मी वाट बघितली, पण खोडून काढायला पुढे काहीच आलं नाही. इतक्या वर्षांतलं ते पहिलं खरं गेनाऊ होतं, आणि मी ते घरीदारी मिरवून घेतलं.

एकदाच लिहायचं हे ठरलं, पण कुठे? यावरून जे रण माजलं ते कितीतरी महिने चाललं. आखनला श्टेफान म्हणून एक गृहस्थ आहेत. चित्र पडद्यावर मांडणारा जो ड्रायव्हर, तो त्यांच्या ताब्यात. त्यांनी मान्य केल्याशिवाय त्यात एक अक्षर जात नाही. त्यांचं म्हणणं, हे आकडे हार्डवेअरचे आहेत ना? मग प्रत्येक यंत्रासोबत त्याच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी एक फाइल असते, तीत टाका. ऐकायला किती बरं वाटतं! मलाही पटलं होतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती फाइल यंत्राबरोबर कारखान्यातून निघते, आणि पुष्कळदा पुन्हा तिला कुणी हात लावत नाही. तिथे चूक गेली की गेलीच. आणि हे आकडे यंत्राचे नाहीतच, चिपचे आहेत. तीच चिप घेऊन दहा कंपन्यांनी दहा यंत्रं काढली तर दहा फाइलींत तेच आकडे लिहायचे? म्हणजे तुमचं माप पुन्हा दहा जागी." दुसरा एक गट म्हणत होता, वरच्या थरात ठेवा, तिथे बदल करणं सोपं. पण तिथे ठेवलेलं श्टेफान यांच्या ड्रायव्हरला दिसतच नाही. खालच्याने वरच्याला विचारायची त्यांच्यात रीत नाही. भाऊजींचा हट्ट असा की प्रणालीच्या गाभ्यातच, पण दोन्ही ड्रायव्हरांच्या बाहेर, एक छोटी स्वतंत्र फाइल असावी. चिपचं नाव आणि पुढे तिचे आकडे. ज्याला लागतील त्याने येऊन विचारावेत, स्वतःजवळ प्रत बाळगू नये.

त्यांनी पहिला मसुदा पाठवला आणि त्याच सुमारास पोटदुखीच्या तपासण्या सुरू झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी इथल्या पद्धतीने सगळं स्पष्ट सांगितलं, हाताशी वेळ थोडा आहे हेही. मी ओट्याशी तोंड करून रडून घेतलं. भाऊजी मात्र श्टेफान यांना उत्तर लिहीत होते, आणि प्रकाशना तेच सहन होईना.

"तू क्रांकगेश्रीबेन आहेस ना? डॉक्टरने आजारी म्हणून लिहून दिलेल्या माणसाने काम करायचं नसतं, इथला नियम आहे."

"हे काम कुठे आहे, दादा? भांडण आहे."

"मिल्या, ते टॅबलेट चालू झाले ना? एका ओळीत भागलं ना? मग कशाला जीव आटवतोस?"

"उज्ज्वलाला मी 'बघतो' म्हटलंय, दादा. मला तिला 'नाही होणार' म्हणायचंय. तेवढं झालं की मी मोकळा." प्रकाश उठून बाल्कनीत गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. उलट पुढच्या खेपेला छोट्या पायांचा एक लाकडी पाट स्वतः तयार करून घेऊन गेले, पलंगावर बसून लिहिताना लॅपटॉपचा भार भावाच्या पोटावर येऊ नये म्हणून.

केमोच्या मधल्या दिवसांत आम्ही त्यांना गेर्लिंगेनला घेऊन येत असू. तोवर मसुदा पुष्कळ फेऱ्या मारून आला होता. हार्डवेअरच्या फाइलीचा मुद्दा श्टेफान यांनी सोडला होता. पण आता त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तोच सगळ्यांत अवघड निघाला. 'ही फाइल ना माझ्या ड्रायव्हरची, ना त्या दुसऱ्याची. मग तिची देखभाल कोण करणार? जे कुणाचंच नसतं ते कुजतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.' स्वतःचं नाव लिहून टाकणं भाऊजींना सोपं होतं. "पण ती फसवणूक झाली, वहिनी," म्हणाले. "मी किती दिवस करणार देखभाल?" मी त्यांच्या पायांवर शाल घातली.

त्या शनिवारी आमच्या दारावर केरवोखेची पाटी लटकत होती. हा आमच्या श्वाबेन भागातला रिवाज. इमारतीचा जिना कुणाच्याच घरात मोडत नाही, म्हणून तो आळीपाळीने एकेका घराने झाडायचा. पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्याला जिना त्याचा. प्रकाश झाडू घेऊन कुरकुरत एकेक पायरी उतरत होते आणि वरच्या मजल्यावरच्या आजीबाई कठड्यावरून वाकून, कोपरा राहिला, तोही घ्या, असं सांगत होत्या. भाऊजी खिडकीतल्या उन्हासाठी पायरीवर उशी ठेवून बसले होते. मध्येच त्यांनी विचारलं, "दादा, हा जिना कुणाचा रे?"

"माझ्या नशिबाचा," प्रकाश म्हणाले.

भाऊजी हसायला लागले. हसलं की पोटात दुखायचं, तरी हसत राहिले. मग डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, लॅपटॉप आणा."

त्यांनी लिहिलेलं मी नंतर वाचलं. जर्मनीच्या या कोपऱ्यात जिने कसे स्वच्छ राहतात, हे आधी त्यांनी सविस्तर लिहिलं होतं, आजीबाईंसकट. मग लिहिलं होतं की ही फाइल म्हणजे जिना. दोन्ही ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांनी ती मिळून सांभाळावी. बदल आत जायला दोघांचीही मान्यता लागावी. आणि कचरा ज्याला आधी दिसेल त्याने दुसऱ्याचं दार वाजवावं. संध्याकाळी श्टेफान यांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, 'माझं लहानपण स्टुटगार्टला गेलं. त्या झाडूपासून सुटका व्हावी म्हणून मी आखनला पळून आलो, आणि तुम्ही तो माझ्या इनबॉक्सपर्यंत आणलात. मुद्दा पटला. आता मला चाचणी करू द्या.' आमच्या घरात त्या दिवशी आजीबाईंच्या नावाने चहा झाला.

मग मात्र सगळं थंड. काही निरोप नाही, काही नाही. भाऊजी दिवसेंदिवस खंगत होते आणि मी इकडे चरफडत होते. "मी जाते आखनला आणि त्या श्टेफानला विचारते, चाचणी करतोस की तपश्चर्या?" भाऊजी म्हणायचे, "करू दे. न तपासता हो म्हणाला असता तर मला जास्त भीती वाटली असती." आणि त्या चाचणीत एक चूक निघालीच. एका जुन्या चिपसमोर भाऊजींनी नजरचुकीने शेजारच्या ओळीतला आकडा उतरवला होता. मला वाटलं, आता हे खचणार. तर त्यांनी सगळ्यांदेखत 'चूक माझी' असं लिहून तो बदलला आणि माझ्याकडे वळून विजयी चेहऱ्याने म्हणाले, "बघितलं? एकाच जागी होता, म्हणून एकाच जागी सुधारला!" चूक काढली म्हणून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि एका दुपारी मी पालक चिरत असताना बाहेरच्या खोलीतून हाक आली, "वहिनी! दादा! या लवकर!" इतका मोठा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. सुरी हातात तशीच घेऊन मी धावले. भाऊजी पाटावरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवत होते. श्टेफान यांची मेल. तीत शब्द दोनच: 'अप्लाइड. थँक्स.' म्हणजे तुमचा बदल घेतला, आभार.

"बस?" प्रकाश म्हणाले. "इतके महिने डोकं खाल्लं आणि दोन शब्द?"

"दादा, आमच्यात याच्या वर काही नसतं. हार नाही, भाषण नाही. हे आलं की जिंकलो!"

प्रकाशनी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं, लहानपणी धरत असतील तसं. आमची तन्वी डार्मश्टाटला कॉम्प्युटर सायन्स शिकते, ती नेमकी घरी होती. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर बहुतेकदा जर्मनमधूनच. तिने मेल पुन्हा पुन्हा वाचली आणि "काका, दास इस्ट मेगा!", म्हणजे एकदम भारी, असं ओरडून सोफ्यावर उडी मारली. मी पालक तसाच टाकला आणि शिरा करायला घेतला, तुपाकडे न बघता. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

नागपूरला तेव्हा संध्याकाळ झाली होती. भाऊजींनी फोन लावला. "उज्ज्वला, तू विचारलं होतंस ना, पुन्हा असं होणार नाही ना म्हणून?" तिला बहुधा आठवतही नव्हतं. "तर नाही होणार. तो आकडा आता एकाच जागी आहे, दोघांनाही तिथूनच घ्यावा लागतो."

"बरं सर," ती म्हणाली. मागे मुलांच्या बोलण्याचा गलका होता. "तुमची तब्येत कशी आहे जी?"

"एक नंबर."

"मग या ना सर इकडं. जय भीम सर."

"जय भीम," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि शिऱ्याची वाटी चाटूनपुसून संपवली. केमो सुरू झाल्यापासून त्यांनी कधी वाटी संपवली नव्हती. मला तेवढ्यावरून वाटलं, आता हे बरे होणार... ते काही झाले नाहीत. पण पुढचे दिवस त्यांनी काढले ते राजासारखे. कुणी भेटायला आलं की जिन्याची गोष्ट सांगायचे आणि दर वेळी आजीबाईंचं बोलणं आणखी तिखट होत जायचं.

अंत्यसंस्काराला आमची माणसं थोडीच होती. त्रिशरण-पंचशील झालं आणि मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं तर अनोळखी चेहऱ्यांनी दोन रांगा भरलेल्या. त्यांतलेच एक उंच, पांढऱ्या दाढीचे, सायकलचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेले गृहस्थ नंतर माझ्याजवळ आले. मी श्टेफान, म्हणाले. मनातल्या मनात मी यांना इतकं झापलं होतं की मला क्षणभर संकोच वाटला. "तुमचे दीर फार हट्टी होते," ते म्हणाले. "त्झुम ग्ल्यूक." म्हणजे नशीब आमचं. मी त्यांचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

गेल्या शनिवारी आम्ही तिघं डार्मश्टाटचं घर आवरायला गेलो. पुढच्या आठवड्यात ते घरमालकाच्या ताब्यात द्यायचं आहे. भाऊजींच्या आतल्या खोलीत मी इतक्या वर्षांत कधी पाऊल टाकलं नव्हतं. माझा पदर कुठल्या तरी वायरीत अडकेल म्हणून ते दार ओढून घ्यायचे. दार उघडलं आणि आतून बारीक घुं घुं आवाज आला. भिंतीला एक लांब फळी, तिच्यावर उघडे सर्किट बोर्ड, जुने फोन, टॅबलेट, प्रत्येकाला आपला पडदा, आणि सगळं चालू. प्रकाश वाकून प्लग काढणार तेवढ्यात तन्वी ओरडली, "पापा, नाइन!" म्हणजे नको. मग तिने समजावलं. कुणीही, जगात कुठूनही, त्या फाइलीत बदल सुचवला की ही यंत्रं आपणहून तो उतरवून घेतात, बंद होतात, पुन्हा सुरू होतात आणि एक चित्र दाखवतात. ते नीट उमटलं की नाही हा निरोप सगळ्यांना जातो. काका गेल्यावरही हे रोज चाललंय, ती म्हणाली.

आम्ही बघत असतानाच फळीवरचे पडदे एकेक करत काळे झाले. "काही तरी आलंय," म्हणत तन्वीने आपला लॅपटॉप उघडला. बदल श्टेफान यांचा होता. एका नव्या चिपचे आकडे, भाऊजींच्या फाइलीत, एका ओळीत, आणि दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरमध्ये एक अक्षर नाही. प्रकाश प्लगवर हात ठेवून तसेच वाकून उभे होते. मग पहिला पडदा उजळला, त्याच्या शेजारचा, त्याच्या शेजारचा. चाचणीसाठी भाऊजींनी चौकडीच्या कापडाचा फोटो घेतला होता. चौकडी अशी की एक चौकोन जरी इकडचा तिकडे झाला तरी डोळ्याला खुपावा. मी चष्मा पुसून पुढे झाले आणि मला ते कापड ओळखू आलं. सासूबाईंचं निळ्या चौकडीचं लुगडं. फोटोत एका कडेला, ते ज्या दोरीवर वाळत घातलं होतं तिचं टोकही दिसत होतं.

प्रकाशनी प्रत्येक पडद्याजवळ जाऊन, डोळे बारीक करून, आईच्या लुगड्याच्या रेघा वरपासून खालपर्यंत तपासल्या. कुठेही तुकडा नाही, कुठेही रेघ मोडलेली नाही. माझे डोळे भरून आले, पण अभिमानाने. मग प्रकाश तन्वीला म्हणाले, "घरमालकाला फोन कर. म्हणावं, ही खोली आम्ही सगळ्यांत शेवटी रिकामी करू." आणि दार उघडंच ठेवून आम्ही स्वयंपाकघरातली भांडी बांधायला घेतली.